दाराआडची शुश्रूषा : रायगड किनाऱ्यावरील गृहसेवा कशी पारखावी

घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा पैसे देऊन बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेणे ही गोष्ट रायगडच्या किनारपट्टीला आता नवी राहिलेली नाही. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या तालुक्यांतील असंख्य घरांमधली कर्ती पिढी नोकरीधंद्यासाठी मुंबई, पनवेल किंवा आखाती देशांत स्थिरावली, मागे राहिलेल्या आईवडिलांची वये वाढली आणि अर्धांगवायू, खुब्याचे हाड मोडणे, कर्करोग, स्मृतिभ्रंश अशा दुखण्यांत रुग्णाला लवकर घरी पाठवण्याची रीत रुग्णालयांत रूढ झाली. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. ज्या गावांतून तरुण माणसे बाहेर जातात तिथे या आकड्याचा भार अधिक जाणवतो, हे उघड आहे. त्यात अलिबाग, किहीम, नागाव, मांडवा या पट्ट्यात निवृत्तीनंतर कायमच्या राहायला आलेल्या मुंबईकरांची भर पडली असून त्यांचे नातेवाईकही बहुधा दूरच असतात.

या साऱ्यांच्या घरी येणारी सेवा चांगली आहे की नाही, सुरक्षित आहे की नाही, हे ठरवणार कोण, हा प्रश्न मात्र अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. रुग्णालयातल्या खाटेवर अनेकांची नजर असते. परिचारिकांची पाळी बदलते, डॉक्टर फेरी मारतात, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईकही काही चुकीचे दिसले तर बोलून दाखवतात. घरात दार लोटून घेतले की उरतात ती दोनच माणसे, आणि त्यांपैकी एकाला अनेकदा बोलता येत नाही. म्हणून गृहसेवेची पारख ही रुग्णालयाच्या पारखीपेक्षा अवघड आणि तितकीच अधिक निकडीची आहे.

गृहसेवा या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या प्रकारची कामे येतात, आणि त्यांची सरमिसळ हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते. पहिले काम दैनंदिन देखभालीचे, म्हणजे अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, कूस पालटणे आणि आधार देऊन चालवणे. दुसरे परिचर्येचे, म्हणजे इंजेक्शन देणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, लघवीची नळी बदलणे, घशातील छिद्रावाटे श्वास घेणाऱ्या रुग्णाची नळी साफ करणे. तिसरे उपचाराचे, ज्यात डॉक्टरची घरभेट आणि फिजिओथेरपी मोडते. पहिल्या कामासाठी प्रशिक्षित परिचर पुरतो. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ असे अभ्यासक्रम त्यासाठीच आखलेले आहेत. दुसऱ्या कामासाठी एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिकाच हवी. प्रत्यक्षात ‘नर्सिंग ब्युरो’ या पाटीखाली येणारी मावशी पहिल्या कामासाठी नेमली जाते आणि हळूहळू दुसरेही तिच्याच गळ्यात पडते, कारण ती घरात असतेच आणि परिचारिकेची भेट वेगळ्या खर्चाची ठरते. तिने इन्सुलिन टोचणे किंवा नळीवाटे अन्न देणे हे तिच्या हुशारीवर सोडले जाते; ती पुष्कळदा खरोखर हुशार असते, पण काही बिघडले तर जबाबदारी कोणाची हे कागदावर कुठेच नसते. म्हणून सेवा सुरू होण्याआधी या घरात कोणती कामे कोण करणार आणि कोणती कामे कोणत्याही परिस्थितीत करणार नाही, याची यादी ब्युरोकडून लेखी घेणे ही पारखीची पहिली पायरी होय. जी संस्था अशी यादी द्यायला टाळाटाळ करते, तिच्याविषयी कुटुंबाला त्यातूनच पुरेसे समजते.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली; परंतु या कायद्याची सारी रचना रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या वास्तूभोवती उभी आहे, आणि माणूस घरी पाठवणारी संस्था त्या चौकटीत बसत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा केंद्रीय कायदा सुधारण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत जे विधेयक मांडले गेले, त्यात ज्येष्ठांना घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके यांची तरतूद होती. सतरावी लोकसभा संपली तोवर त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यामुळे परिचारिकेची नोंदणी तपासता येते, फिजिओथेरपिस्टची तपासता येते, पण त्यांना पाठवणाऱ्या ब्युरोची गुणवत्ता तपासून तिला मान्यता देणारे किंवा ती काढून घेणारे कार्यालय अलिबागमध्ये शोधू गेल्यास सापडत नाही. ही उणीव शासनाने भरून काढायला हवी, आणि ती भरून निघेपर्यंत पारखीचे काम कुटुंबाला, गावच्या डॉक्टरला आणि आरोग्य उपकेंद्राला वाटून घ्यावे लागेल.

गुणवत्ता मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, याचे सर्वांत उपयोगी उत्तर आव्हेदिस डोनाबेदियन या बैरुतमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या वैद्यकतज्ज्ञाने १९६६ मध्ये दिले. त्याने आरोग्यसेवेकडे तीन बाजूंनी पाहायला सांगितले: साधनसामग्री आणि माणसे कशी आहेत ती रचना, काम कसे केले जाते ती प्रक्रिया, आणि रुग्णाचे पुढे काय झाले तो परिणाम. कुटुंबे बहुधा पहिल्या बाजूवर थांबतात. गणवेश स्वच्छ आहे, बाई गोड बोलते, वेळेवर येते, एवढ्यावर समाधान मानले जाते. या गोष्टी हव्यातच, तथापि त्यांच्यावरून रुग्णाच्या पाठीची अवस्था कळत नाही.

पाठीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सेवेची पारख करण्याची याहून खरी जागा नाही. शरीराचा एकच भाग गादीवर दाबून राहिला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि कातडी मरू लागते. यालाच शय्याव्रण किंवा रोजच्या बोलण्यात बेडसोअर म्हणतात. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, खांद्याचे पाते आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. सुरुवातीला तिथे फक्त लालसर चट्टा दिसतो. त्यावर बोटाने दाबून सोडल्यास तो क्षणभर फिका पडला तर रक्त अजून फिरते आहे. दाबूनही तो लालच राहिला तर व्रणाची पहिली अवस्था सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही, म्हणून तिथे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून आजूबाजूच्या कातडीपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतो का हे पाहावे लागते. या अवस्थेत कूस पालटून तो भार काढला तर कातडी सावरते. दुर्लक्ष झाले तर कातडी फाटते, पुढे चरबी उघडी पडते आणि चौथ्या अवस्थेत स्नायू किंवा हाड दिसू लागते, जे भरून यायला महिनेच्या महिने लागतात आणि ज्यातून रक्तात जंतू पसरून जीवही जातो. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीला सुरकुती न राहू देणे, ओला डायपर तसाच न ठेवणे, रुग्णाला ओढून न सरकवता उचलून सरकवणे आणि आहारात प्रथिने पुरेशी असणे, एवढ्यावर बहुतेक व्रण टळतात. धोका आधीच ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली ब्रेडन मापनश्रेणी संवेदना, ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण देते. एकूण गुण ६ ते २३ यांदरम्यान येतात आणि १८ किंवा त्याहून कमी गुण आले तर रुग्ण धोक्यात आहे असे समजतात. चांगल्या संस्थेची परिचारिका पहिल्याच भेटीत हे गुण मांडून ठेवते.

अशा पारखीला पहिल्या दिवसाची नोंद लागते, कारण तुलना कशाशी करायची हे ठाऊक नसेल तर बदल दिसत नाही. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामांची यादी त्यासाठी आजही पुरेशी आहे: अंघोळ, कपडे घालणे, शौचालय वापरणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी कोणते काम रुग्ण स्वतः करतो, कोणते आधाराने आणि कोणते अजिबात नाही, हे सेवेच्या पहिल्या दिवशी लिहून ठेवले आणि दर महिन्याला पुन्हा पाहिले, तर सेवेचा परिणाम आपोआप समोर येतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्वतःच्या हाताने जेवू शकणाऱ्या आजोबांना वेळ वाचावा म्हणून मावशीने भरवायला सुरुवात केली, तर घर प्रसन्न दिसते, ताट लवकर धुतले जाते, आणि महिन्याभरात आजोबांचा हात जेवण विसरतो. सेवा प्रेमळ असूनही वाईट असू शकते, ती अशी.

रोजच्या पारखीचे साधन म्हणजे खाटेच्या उशाशी ठेवलेली साधी नोंदवही. तीत वेळ, कूस, काय आणि किती खाल्ले, पाणी किती प्यायले, लघवी किती झाली आणि तिचा रंग, शौच, ताप, रक्तदाब किंवा साखर, आणि दिलेल्या प्रत्येक औषधापुढे देणाऱ्याची सही, एवढे रकाने असले म्हणजे झाले. वही खरी आहे की संध्याकाळी एका बैठकीत भरलेली आहे, हे जाणकार डोळ्यांना लगेच कळते: प्रत्येक ओळीची शाई, अक्षराचा कल आणि वेळा हुबेहूब सारख्या असतील, रात्री दोन आणि चारच्या नोंदीही दुपारइतक्याच टापटीप असतील, तर शंका घ्यायला जागा आहे. औषधांच्या बाबतीत वहीपेक्षा पाकीट अधिक बोलके असते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावरील औषधे, घरातील पाकिटे आणि उरलेल्या गोळ्यांची मोजणी हे तीन हिशेब आठवड्यातून एकदा जुळवून पाहिले तर राहिलेला किंवा दुबार गेलेला डोस सापडतो. रुग्ण एकाएकी दिवसभर सुस्त पडून राहू लागला तर झोपेचे औषध कोणाच्या सोयीसाठी दिले जात आहे का, हे विचारलेच पाहिजे, आणि मनगटावर वळ दिसले तर हात बांधून ठेवले जातात का, हेही.

नळ्यांच्या सेवेत काही खुणा कोणालाही पाहता येतात. लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर असावी आणि तरीही जमिनीला टेकलेली नसावी. नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे अन्न देताना रुग्णाचे डोके आणि छाती ३० ते ४५ अंश उंचावलेली हवीत आणि त्यानंतर अर्धा ते एक तास ती तशीच ठेवायला हवीत, अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. वापरलेली सुई पुन्हा टोपण न लावता जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात जायला हवी. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया आणि मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली आहेत, आणि ती वाडीच्या कोपऱ्यात पुरणे किंवा समुद्रावर टाकणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पायात ती घालणे होय.

इथवरची पारख पुण्यातल्या सदनिकेलाही लागू पडते. किनाऱ्यावरच्या घराला मात्र स्वतःचे प्रश्न आहेत. जुन्या कोकणी घरात न्हाणीघर आणि शौचालय मागल्या परसात असते, तिथे जायला जांभ्याच्या दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात आणि जून ते सप्टेंबर या काळात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. खुबा मोडून महिनोन् महिने अंथरुणात गेलेल्या वृद्धांच्या दुखण्याची सुरुवात अनेकदा अशाच पायऱ्यांवर झालेली असते. सेवा देणाऱ्या संस्थेने पहिल्या भेटीत घराची पाहणी केली का, परसाच्या वाटेवर दिवा आणि धरायला कठडा बसवण्यास सांगितले का, पावसाळ्यापुरती खाटेजवळ कमोड-खुर्ची ठेवण्याचा आग्रह धरला का, यावरून तिची समज कळते. घरी प्राणवायू चालू असलेल्या रुग्णाच्या खोलीतील देव्हाऱ्यावरची समई दुसरीकडे हलवायला सांगणे हेही तिच्याच कामात येते, कारण प्राणवायूने भरलेल्या हवेत ठिणगीला आग व्हायला वेळ लागत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन आणि मुरूड तालुक्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र विजेवर चालते, हवा भरून दाब बदलणारी गादी विजेवर चालते, इन्सुलिन शीतकपाटात राहते आणि मदतीसाठी लावायचा फोनही शेवटी विजेवरच चार्ज होतो. म्हणून कोकणात पावसाळ्यापूर्वी जशी आगोटीची बेगमी करतात, तशी शुश्रूषेची बेगमी मे महिन्यातच व्हायला हवी: महिनाभराची औषधे, डायपर, नळ्या आणि ड्रेसिंगचे सामान, भरलेला प्राणवायूचा सिलिंडर, इन्व्हर्टर, आणि रस्त्यात झाड आडवे पडले तर कोणती परिचारिका कोणत्या गावातून चालत येऊ शकेल याचे उत्तर. गेटवे ते मांडवा या लाँच पावसाळ्यात बंद असतात; भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू असला, तरी मुंबईतल्या मुलाला अलिबागला पोहोचण्याचा वेळ आणि श्रीवर्धनला पोहोचण्याचा वेळ यांत फार अंतर आहे. मध्ये कुंडलिकेची आणि राजपुरीची खाडी आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली तर ती कोठून निघेल, जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे काय होऊ शकते, हे घरी राहणाऱ्या परिचराला तोंडपाठ आहे का, हा सुरक्षिततेचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे.

इतर देशांनी ही पारख शासनाच्या कामात आणली आहे. इंग्लंडमध्ये २००९ पासून काम करणारा केअर क्वालिटी कमिशन हा नियामक घरी जाऊन देखभाल करणाऱ्या संस्थांचीही नोंदणी आणि तपासणी करतो. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून येणारी आहे का आणि तिचे नेतृत्व नीट आहे का, या पाच प्रश्नांची उत्तरे शोधून उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी आणि अपुरी अशा चार श्रेणींत तो निकाल जाहीर करतो. रायगडला याहून जवळचे उदाहरण इस्राएलचे आहे. नवगाव, रेवदंडा, अलिबाग या परिसरात शतकानुशतके तेल गाळण्याचा व्यवसाय केलेल्या आणि शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर त्या देशात गेली. तिथे १९८८ पासून अमलात आलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विमा कायद्याने वृद्धाचे परावलंबन किती हे आधी मोजले जाते आणि त्यानुसार घरी देखभालीचे तास मिळतात. मराठी बोलणाऱ्या त्या समाजातल्या आजीला तिकडे जी गोष्ट हक्क म्हणून मिळते, तीच तिच्या जुन्या गावातल्या शेजारणीला ओळखीपाळखीतून शोधावी लागते.

घराच्या दाराआड होणाऱ्या सेवेवर देखरेख ठेवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातच उत्तर मिळालेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत, शेजारच्या ४७ गावांशी तुलना करत, नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले होते. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रिया बाळ तपासत, नोंदी करत, आणि डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात येऊन त्या नोंदी प्रत्यक्षाशी पडताळून पाहत. २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्तीच्या ठरावीक दिवशीच्या घरभेटींच्या रूपाने देशभर आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. नवजात बाळासाठी जे वेळापत्रक, जी तपासणीसूची आणि जी पडताळणी शक्य झाली, ती अंथरुणावरच्या वृद्धासाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा अशा घरी जाऊन पाठ, नळी, औषधे आणि वही पाहिली, तरी किनाऱ्यावरच्या गृहसेवेचे चित्र बदलेल.

दूर राहणारे नातेवाईक अलीकडे कॅमेरा बसवून निश्चिंत होतात. कॅमेऱ्याला मावशी खोलीत आहे हे दिसते, पांघरुणाखालची टाच दिसत नाही. शिवाय अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी तो चालू ठेवणे हा रुग्णाच्या लज्जेचा भंग आहे. त्यापेक्षा शेजारी किंवा भावकीतल्या एखाद्या व्यक्तीने न कळवता, वेगवेगळ्या वेळी येऊन बसणे आणि परिचर खोलीत नसताना रुग्णाशी बोलणे अधिक उपयोगी ठरते. बोलता न येणारा रुग्णही एखादी व्यक्ती जवळ येताच अंग चोरत असेल, तर ती तक्रारच असते.

सुरक्षिततेचा विचार करताना सेवा देणारीची सुरक्षितता सोडून चालत नाही. ‘चोवीस तासांची ड्यूटी’ या नावाखाली एकाच बाईने दिवसा स्वयंपाक, धुणे आणि शुश्रूषा करावी व रात्री दर दोन तासांनी उठून कूस पालटावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या घरात ती कूस पालटली जात नाही, आणि त्याचा दोष तिच्या आळसाला देणे अन्यायाचे आहे. तिला झोपायला जागा, सलग झोप, आठवड्याची सुट्टी आणि जड रुग्णाला उचलताना दुसऱ्याचा हात मिळतो का, हे विचारणे म्हणजे रुग्णाच्याच सुरक्षिततेची विचारपूस आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घरही कामाचे ठिकाण मानले असून तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. हे तिला ब्युरोने सांगितलेले असावे.

सेवा बिघडल्यास दाद कोठे मागायची हे सेवा कशी घेतली यावर अवलंबून असते. ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देऊन घेतलेली सेवा येते, आणि वैद्यकीय सेवाही त्यात मोडते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. पण मालक-नोकर स्वरूपाचा वैयक्तिक सेवेचा करार या कायद्यातून वगळलेला आहे. म्हणजे ब्युरोकडून पावती घेऊन परिचर ठेवली असेल तर अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि गावातलीच बाई थेट पगारावर ठेवली असेल तर तो मार्ग सहसा बंद असतो. नोंदणीकृत परिचारिकेच्या हलगर्जीपणाची तक्रार परिचर्या परिषदेकडे करता येते. वृद्धाचा छळ किंवा उपेक्षा होत असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर स्वतः वृद्धाला, शेजाऱ्याला किंवा त्या घरात काम करणाऱ्या परिचरालाही कळवता येते. ग्राहक आयोगापुढे करारपत्र, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, नोंदवहीची पाने आणि जखमेची तारखेसह काढलेली छायाचित्रे जोडावी लागतात, म्हणून ती वही भरली की टाकून न देता सेवा संपल्यानंतर निदान दोन वर्षे, म्हणजे तक्रारीची मुदत उलटेपर्यंत, जपून ठेवावी.